धुराला साक्षीदार हवा

नॉर्मा एंट्विसलने काळ्या कचराडब्याचं झाकण उघडलं आणि तिच्या तोंडून जी शिवी बाहेर पडली, ती ऐकून कुंपणावरचं मांजरसुद्धा खाली उतरलं. डबा गच्च भरलेला होता, आणि तिच्या कचऱ्याने नव्हे. ती आणि तिचा थोरला भाऊ सिरिल, घरात माणसं दोन. चहाचा चोथा नि बटाट्याच्या साली सोडल्या तर त्यांच्याकडे टाकण्यासारखं असायचं काय? डब्यात फोडलेल्या भिंतीचा गिलावा होता, फरशांचे तुकडे होते, आणि सगळ्यांच्या वर राजासारखं बसलेलं कुणाचं तरी जुनं बेसिन, नळासकट.

रस्त्याच्या टोकाला कचऱ्याची गाडी घरघरत होती. गाडीवाल्यांचे नियम तुम्हाला ठाऊकच आहेत. झाकण बोटभर उघडं राहिलं तरी डबा आहे तिथे सोडून पुढे जातात, आणि मग पुढचे पंधरा दिवस बसा नाक धरून. राडारोडा दिसला तर डब्याला लाल चिठ्ठी चिकटवतात, सगळ्या गल्लीने वाचावी अशी. सत्तर वर्षांच्या आयुष्यात नॉर्माच्या दारात लाल चिठ्ठी कधी लागली नव्हती. ती बाई दह्याचा रिकामा डबासुद्धा धुऊन, पुसून, मग टाकायची.

"वेन क्रॉपर," ती दातओठ खात म्हणाली, "मेल्या, तुझं बेसिन तुझ्याच नरड्यात घालते की नाही बघ."

वेन क्रॉपर म्हणजे शेजारी, डाव्या हाताचा. लोकांच्या जुन्या ओट्या-कपाटांची तोडफोड करून नवी स्वयंपाकघरं बसवून द्यायची, हा त्याचा धंदा. नवं बसवलं की जुनं उरतं. धंद्याचा कचरा नगर कौन्सिलच्या कचरा-डेपोत फुकट घेत नाहीत, व्हॅन फाटकावरच अडवतात. म्हणून जे फुटेल ते वेन शेजाऱ्यांच्या डब्यांत कोंबायचा, आणि जे जळेल ते घरामागच्या बागेत जाळायचा. चाळीस-पंचेचाळिशीचा गडी, मान नाहीच, खांद्यावर थेट डोकं. क्लेदरशॉ गावातल्या त्या गल्लीत त्याला तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. मागे मात्र सगळेच शूर.

नॉर्माने डबा मागे कलता केला, चाकांवर घेतला, खडखडत वेनच्या पुढच्या दारापाशी नेला आणि पायरीवर उपडा केला. बेसिनचे दोन तुकडे झाले. गिलाव्याची धूळ दाराच्या काचेवर उडाली.

दार उघडलं. वेन बनियनवर, हातात लोणी लावलेला टोस्ट.

"काय गं म्हातारे, डोकं फिरलंय का?"

"तुझं तुला परत केलं. मोजून घे हवं तर."

"माझं? कशावरून? नाव कोरलंय का त्याच्यावर माझं?"

"नाव कशाला कोरायला हवं? या गल्लीत दुसऱ्या कुणाच्या घरात रोज एक बेसिन विते?"

वेनने टोस्ट शांतपणे तोंडात धरला. मग दोन्ही हातांनी डबा उचलला, डोक्याच्या वर नेला आणि फेकला. नॉर्मा बाजूला झाली, पण पुरती नाही. डब्याची कड तिच्या मांडीवर बसली आणि ती रस्त्यावर आडवी झाली. एक चाक निखळून गटाराकडे गडगडत गेलं. वेनने टोस्टचा घास तोडला, चावला.

"पुढच्या वेळी डब्यात तुलाच घालीन," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं.

गाडीवाले सगळं बघत होते. त्यांनी नॉर्माला उठवलं, तिच्या कोटावरची धूळ झटकली आणि राडारोडा उचलता येत नाही म्हणून पुढे गेले.

एवढ्यावर भागलं असतं तर नॉर्माने लंगडत का होईना, सोडून दिलं असतं. डब्यावरून हाणामारी काय नवीन आहे? खरा प्रश्न सिरिलचा होता. सिरिलने पंधराव्या वर्षी सूतगिरणीत पाऊल टाकलं आणि गिरणी बंद पडेपर्यंत तो पिंजणखात्यात होता. कापसाची धूळ तिथे धुक्यासारखी तरंगायची. पोरं तीच श्वासात घ्यायची, तीच भाकरीबरोबर गिळायची. आता त्याच्या छातीत श्वासाला जागा उरली नव्हती. जिन्याच्या चार पायऱ्या चढला की कठड्याला धरून उभा राहायचा, ओठ जांभळे. पण स्वभाव असा की मुंगीला पाय लागला तर तिची माफी मागेल. लग्न त्याचंही झालं नाही, नॉर्माचंही नाही. आईबाप गेले, घर राहिलं, आणि एकमेकांशिवाय दोघांना कुणी नव्हतं.

आमच्याकडे एक रीत आहे. ती कुठे लिहिलेली नाही आणि म्हणूनच सगळे पाळतात. बागेत पालापाचोळा पेटवायचा तर दिवस कलल्यावर, लोकांचे कपडे दोरीवरून उतरल्यावर. आधी शेजाऱ्याचं दार वाजवायचं, "आज जरा पेटवतोय हं" म्हणून सांगायचं. आणि सोमवारी तर नाहीच नाही, सोमवार धुण्याचा वार. वेन क्रॉपरने सोमवारी भर सकाळी पेटवलं. पालापाचोळा नव्हे. रंगवलेल्या फळ्या, प्लास्टिकचे पत्रे, तांब्यासाठी वायरींची भेंडोळी. काळा, तेलकट धूर उठला आणि कुंपणावरून सरळ एंट्विसलांच्या बागेत उतरला. दोरीवरच्या पांढऱ्या चादरी बघता बघता मिशी फुटल्यासारख्या झाल्या.

नॉर्मा चादरी ओढायला धावली. तेवढ्यात घरातून आवाज आला, कुणी ओली चादर टराटरा फाडावी तसा. सिरिल स्वयंपाकघराच्या फरशीवर हातापायांवर ओणवा होता. तोंड उघडं, डोळे बाहेर आलेले, आणि आत काही जात नव्हतं. नॉर्माने खिडक्या लावल्या, त्याच्या पाठीवर मुठी मारल्या, देवाला हाका मारल्या, वेनला शिव्या दिल्या. रुग्णवाहिका आली तेव्हा सिरिलची नखं निळी पडली होती.

इस्पितळातली डॉक्टरीण तरुण होती, पण आडपडदा न ठेवता बोलली. "या वेळी वाचले. असा धूर पुन्हा छातीत गेला तर मी त्यांना घरी पाठवू शकेन असं वाटत नाही."

"म्हणजे? घरी नाही तर कुठे?"

डॉक्टरिणीने सिरिलचा तक्ता पलंगाला परत अडकवला. नॉर्माला जे समजायचं ते समजलं. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत राहिली, वेनची आग थांबली पाहिजे, नाहीतर सिरिल जाणार.

तिने कौन्सिलला फोन लावला. तासभर फोनमधला बाजा ऐकला, तेव्हा कुठे मिस होल्डन नावाची धूर-धूळ खात्यातली बाई लाभली.

"मिस एंट्विसल, आग लावणं हा तसा गुन्हा नाही," मिस होल्डन म्हणाली. आवाज मऊ, अगदी पाव भाजायच्या आधीच्या कणकेसारखा. "धुराचा शेजाऱ्याला उपद्रव होणं हा गुन्हा. आणि तो उपद्रव आमच्यापैकी कुणीतरी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवा."

"माझ्या भावाने स्वतःच्या छातीने बघितला. तो चालत नाही का?"

"मला फार वाईट वाटतं हो. पण साक्षीदार आमचाच लागतो."

मिस होल्डन आली. धूर नव्हता. पुन्हा आली, पुन्हा नव्हता. कौन्सिलची छोटी हिरवी गाडी गल्लीच्या तोंडाशी दिसली की वेन कुंपणाला टेकून उभा राहायचा आणि हसून हात हलवायचा. गाडी वळली की अर्ध्या तासात काडी ओढायचा. धूर आला की नॉर्मा सिरिलला पुढच्या खोलीत कोंडायची, दारांच्या फटींत ओले टॉवेल खुपसायची आणि आतल्या आत जळत बसायची. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण कौन्सिलला तीही दिसत नव्हती.

एकदा तिला राहवलं नाही. टॉवेल कमी पडले, सिरिलला उबळ लागली, आणि ती पाण्याची बादली घेऊन मागच्या दाराने सुटली. कुंपणाच्या दोन फळ्या कधीच्या मोडल्या होत्या, त्या फटीतून वेनच्या बागेत शिरली आणि बादली आगीवर ओतली. फस्स करून वाफ उठली. वेन राख उपसायचं दाताळं घेऊन उभाच होता.

"माझ्या जागेत पाय ठेवतेस?"

"तुझ्या जागेतला धूर माझ्या जागेत येतो, त्याचं काय? माझा भाऊ मरतोय तिथे!"

"मरू दे की मग. नाहीतरी काय उपयोग आहे त्याचा? रात्रंदिवस भात्यासारखा वाजतो, भिंतीपलीकडे मला झोप लागत नाही."

नॉर्माने रिकामी बादली फिरवली आणि त्याच्या थोबाडावर हाणली. नाक फुटलं. वेनने रक्त जिभेने चाटून पाहिलं, आणि मग तिचा डावा हात मनगटाशी धरला. पिरगळला नाही, नुसता धरला, आणि गुडघ्यावर आपटला, सरपणाची काटकी मोडतात तसा. आवाज दोघांनीही ऐकला. मग त्याने तिला केसांना धरून कुंपणापर्यंत ओढत नेलं आणि फटीतून तिच्याच बटाट्यांच्या वाफ्यात ढकललं.

पोलीस आला, टोपी काढून स्वयंपाकघरात बसला, चहा प्यायला.

"तो म्हणतो, तुम्ही बादली घेऊन त्याच्या जागेत शिरलात, त्याला मारलंत आणि पाय घसरून पडलात. नाक त्याचंही फुटलंय. कुणी पाहिलं का हो?"

"इथे काय, सगळ्याला साक्षीदारच लागतो का? माझा हात काय मीच मोडून घेतला? हौस म्हणून?"

पोलिसाने दुसरं बिस्किट घेतलं आणि मान हलवली. त्याचाही काही दोष नव्हता म्हणा. पाहिलं कुणीच नव्हतं.

सिरिलने पाहिलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून, काचेला कपाळ टेकून, श्वास पुरत नव्हता म्हणून ओरडताही आलं नव्हतं. पण तो पोलिसासमोर काही बोलला नाही. विचारलं कुणी? घरात म्हातारा धापा टाकत बसलाय, त्याला कोण विचारतं. त्या दिवसापासून नॉर्माच्या पावाला लोणी तो लावून द्यायचा, तिच्या कोटाची बटणं तो लावायचा.

"दुखतं का गं?" तो विचारायचा.

"छे. तू तुझं बघ."

मग तो तिच्या प्लास्टरकडे बघत बसायचा. नॉर्माला वाटायचं, थकलाय बिचारा.

पानगळ संपत आली तेव्हा मिस होल्डनचा फोन आला. "मी गुरुवारी अकराला येतेय, मिस एंट्विसल. पण आता स्पष्टच सांगते, या वेळीही काही आढळलं नाही तर मला तुमची तक्रार बंद करावी लागेल. वरून तसं सांगितलंय."

"म्हणजे त्याला मोकळं रान."

"पुढे पुन्हा काही झालं तर नव्याने अर्ज करता येतो."

"तोवर भाऊ राहिला तर," नॉर्मा म्हणाली आणि फोन आपटला.

गुरुवारी सकाळी ती वरच्या खिडकीत उभी राहिली. वेनच्या बागेत ढीग तयार होता, माणसाच्या उंचीचा. कुणाचं तरी अख्खं स्वयंपाकघर, कपाटं, खण, फळ्या, वर एक फाटकी गादी. पण वेन बाहेर आला, व्हॅनमध्ये बसला आणि कामाला निघून गेला. आज पेटवणार नव्हताच तो. संध्याकाळी पेटवेल, नाहीतर उद्या. मिस होल्डन येणार, गार ढीग बघणार, मान तिरकी करून वाईट वाटल्याचं सांगणार आणि जाणार.

नॉर्मा खिडकीतून हलली नाही. ढीग त्याचा. बाग त्याची. पेटवतोही तोच, दर आठवड्याला, ते देवालाही ठाऊक. राहिली होती फक्त एक काडी. खोटं त्यात काय होतं? काट्याने काटा काढायचा, दुसरं काय! आणि एकदा हा विचार डोक्यात शिरल्यावर तो बाहेर काढायची तिची इच्छाही राहिली नाही.

बाई निष्काळजी मात्र नव्हती. आधी बोट ओलं करून वारा बघितला. आज वारा उलटा होता, आगगाडीच्या रुळांकडे वाहणारा. घरात धूर येणार नाही. सिरिलला तिने पुढच्या खोलीत खुर्चीत बसवलं, गुडघ्यांवर शाल घातली, रेडिओ लावून दिला, दाराखाली टॉवेल सारला.

"आज का टॉवेल?" सिरिलने विचारलं.

"सवय झालीय. तू बस. काही झालं तरी उठायचं नाही, काय? मिस होल्डन येणारेय."

"येऊन काय करणारेय ती?"

"बघेल की," नॉर्मा म्हणाली.

ती झाडूचा दांडा घेऊन कुंपणाच्या फटीतून आत गेली. तुम्ही म्हणाल, दांडा कशाला? साळिंदरासारखी दिसणारी ती चिमुकली काटेरी जनावरं, थंडी आली की कुठे पाल्याचा, फळ्यांचा ढीग दिसला की आत शिरून झोपतात. म्हणून पेटवण्याआधी ढीग ढवळून बघायचा, हे आमच्याकडे पोराला बोलायच्या आधी शिकवतात. डोक्यात सूड भरलेला, हात प्लास्टरमध्ये, वेळ थोडा, तरी नॉर्माने ढीग चारी बाजूंनी ढवळला. खालच्या खणात एक मिळालंच, मुटकुळं करून झोपलेलं. तिने ते एका हाताने एप्रनमध्ये उचललं, कुंपणाच्या पलीकडच्या झुडपात नेऊन ठेवलं, वर पाला घातला. परत आली, गादीवर स्टोव्हचं रॉकेल शिंपडलं आणि काडी ओढली.

आग भडकन उभी राहिली. प्लास्टिक वितळून ठिबकायला लागलं, रंगाचा कुठला तरी डबा फुटला, आणि मग तो धूर उठला. काळा, जाड, कुणालाही दिसेल असा. नॉर्माला हसू आलं. तिने हात एप्रनला पुसले, घरात शिरली, सिरिलच्या खोलीवरून पुढे आली आणि दाराबाहेर पायरीवर मिस होल्डनची वाट बघत उभी राहिली.

अकरा वाजले. हिरवी गाडी नाही. कचऱ्याची गाडी मात्र गल्लीच्या तोंडाशी आडवी उभी होती आणि तिच्यामागे भोंगे वाजत होते. नॉर्माने मान लांब केली. "लवकर ये गं बाई, लवकर ये." ढीग असा किती वेळ जळणार?

तिला न दिसलेली गोष्ट अशी. वेन क्रॉपर काहीतरी हत्यार विसरला होता म्हणून परत आला होता, आणि गल्ली तुंबलेली बघून मागच्या बोळातून बागेत शिरला होता. त्याने आग पाहिली. आगीपासून हातभर अंतरावर त्याची लाकडी खोपी, आणि खोपीत त्याच्या कामाच्या गॅसच्या टाक्या. त्या उडाल्या असत्या तर दोन्ही घरं गेली असती. शिव्या घालत त्याने नळाला नळी जोडली.

आणि शिव्या सिरिलने ऐकल्या.

मिस होल्डन शेवटी चालतच आली, गाडी कोपऱ्यावर टाकून, धापा टाकत. "माफ करा, मिस एंट्विसल, रस्ता..."

"रस्ता राहू दे. वास येतो ना? येतो की नाही?"

मिस होल्डनने नाक वर केलं. तिचा चेहरा बदलला. "येतो. चांगलाच येतो."

"मग या! या, स्वतःच्या डोळ्यांनी बघा!" नॉर्माने तिचा दंडच धरला आणि तिला घरातून ओढत नेलं. आज ती जिंकली होती. पुढच्या खोलीचं दार उघडं होतं. टॉवेल बाजूला, शाल जमिनीवर, रेडिओ एकटाच बोलत होता. खुर्चीत सिरिल नव्हता.

"सिरिल?"

मागचं दारही उघडं होतं. नॉर्मा बाहेर आली तेव्हा कुंपणाच्या फटीपलीकडे तिला सिरिलची पाठ दिसली, घरात घालायच्या लोकरी जाकिटातली. त्याच्या दोन्ही हातांत बटाट्यांच्या वाफ्यातलं फावडं होतं. त्याच्यापुढे वेन, आगीकडे तोंड करून वाकलेला. आगीच्या आवाजात त्याला मागचं काही ऐकू येत नव्हतं.

"सिरिल! नको!"

फावडं खाली आलं. कड वेनच्या मानेवर बसली, जिथे मान असायला हवी होती तिथे. वेन गुडघ्यांवर गेला. त्याने मागे वळून पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. त्याने एक हात वर केला. सिरिलने दुसरा घाव त्या हातावर घातला आणि बोटं लोंबायला लागली. तिसरा डोक्यात. गिरणीत कापसाचे गठ्ठे उचललेले ते खांदे, इतकी वर्षं कुणाच्या लक्षातही नव्हते. चौथ्या घावाला आवाज बदलला, ओला झाला. मिस होल्डन किंचाळत होती. नॉर्मा फटीत अडकली, प्लास्टर फळीत रुतलं, ते तसंच ओढून ती आत पडली आणि तिने सिरिलच्या कमरेला मिठी मारली.

"बस कर! अरे, बस कर रे, राजा!"

सिरिल थांबला. फावडं हातातून गळलं. वेन क्रॉपर पालथा पडला होता, कपाळ चिखलात, एक पाय अजून थोडा हलत होता. मग तोही हलायचा थांबला. मिस होल्डन कशीबशी पुढे आली, वाकली, त्याच्या गळ्याला दोन बोटं लावून बसली. लावलेली बोटं तिने बराच वेळ काढली नाहीत. मग वर पाहून तिने नकारार्थी मान हलवली, उठली, आणि फोनचे आकडे दाबू लागली.

"आता... नाही पेटवणार तो," सिरिल म्हणाला. एकेका शब्दाला त्याला वेगळा श्वास लागत होता. ओठ निळे, पण चेहरा लहान मुलासारखा शांत. "तुझा हात मोडला त्याने... मी खिडकीत... नुसता बघत बसलो, नॉर्मा. आज पुन्हा पेटवली. म्हटलं... पुरे."

नॉर्मा त्याला धरून उभी होती. काडी कुणी ओढली ते कुणालाही ठाऊक नव्हतं. ढीग वेनचा, बाग वेनची, आणि साक्षीदार आला तो नंतर. वेन आता सांगायला येणार नव्हता. ती गप्प बसली असती तर कौन्सिलने, पोलिसांनी, गल्लीने, सगळ्यांनी हेच धरलं असतं. सिरिलला घेऊन गेले असते, पण आपण बरोबर केलं असं समजून तरी तो गेला असता. तेवढं सुख त्याला मिळालं असतं. पण जन्मभर ज्याच्याशी एका टेबलावर बसून ती जेवली, त्याच्या तोंडाकडे बघून तिला ते गिळता येईना.

"सिरिल," ती म्हणाली, "त्याने नाही पेटवली."

"हं?"

"आज नाही. मी पेटवली. हिला दाखवायला. तुला श्वास घेता यावा म्हणून रे... मीच पेटवली."

फोनवर पत्ता सांगता सांगता मिस होल्डन मध्येच थांबली.

"मग तो... तो काय करत होता इथे?" सिरिलने विचारलं.

नॉर्माने त्याच्या कमरेवरची मिठी आणखी घट्ट केली.

"विझवत होता," ती म्हणाली.

सिरिलने खाली पाहिलं. वेनच्या उजव्या मुठीत नळी अजून होती आणि पाणी त्याच्या अंगाखालून वाहत तांबडं होऊन वाफ्याकडे चाललं होतं. सिरिलने नॉर्माचा हात कमरेवरून सोडवला. गुडघे मोडून तो खाली बसला, वेनची बोटं एकेक करून उघडली, नळी काढून घेतली, आणि धडपडत उठून ती आगीवर धरली. पाणी पडताच दाट धूर उसळला, वाऱ्याला न जुमानता थेट त्याच्या तोंडावर आला. तो मागे सरला नाही, उलट एक पाऊल पुढे गेला.

"सिरिल, बाजूला हो," नॉर्मा म्हणाली. मग ती ओरडायला लागली.